इस्त्री केलेली फडकी

मळकं कापड दिसलं की लॉन्ड्रीवाल्याचे हात शिवशिवायचे. तीस वर्षांचा धंदा. गिऱ्हाइकाच्या कॉलरवर डाग राहिला तर ह्याला जेवण गोड लागायचं नाही. अशा माणसावर बहिणीने काम काय सोपवावं? तर मांजरांची फडकी!

बहीण नवऱ्याचं घर सोडून कायमची भावाकडे आली होती आणि येताना आपली मांजरी घेऊन आली होती. घरात आधीच एक म्हातारा बोका, भावाचा जीव की प्राण. बहिणीने मांजरीला मागच्या खोलीत बंद ठेवलं. "दादा, मी दिवसभर कामावर असते. रोज हिच्या अंगाखालचं फडकं बोक्याजवळ ठेव, त्याचं हिच्याजवळ. वासाची सवय झाली की दार उघडू."

"एवढंच ना? डाव्या हाताचा मळ!" तो म्हणाला.

आठ दिवस त्याने अगदी मन लावून काम केलं. नवव्या दिवशी म्हणाला, "चला, उघडू दार." बहीण चाचरत म्हणाली, "अजून थोडं थांबू या का?" पण हा कुठला ऐकतोय!

बाप रे बाप! बोका फिस्कारला, मांजरीने झेप घेतली, खुर्ची आडवी झाली आणि बोक्याचा कान फाटला. रक्त पाहून लॉन्ड्रीवाल्याचं डोकंच फिरलं. "तुझं मांजर तुझ्यावरच गेलंय," तो बहिणीवर ओरडला. "कुणाशी म्हणून पटत नाही!"

बहिणीने मांजरीला उचललं आणि आत जाऊन बॅग भरायला घेतली.

बायको बोक्याचा कान पुसत होती. "अहो, फडकी रोज बदललीत ना?"

"म्हणजे काय! स्वच्छ धुऊन, कडक इस्त्री करून ठेवत होतो."

बायको बघतच राहिली. "धुऊन? मग वास कसला राहिला, साबणाचा?"

लॉन्ड्रीवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मळकं फडकं तसंच उचलून ठेवायचं, हे त्याच्या डोक्यातच शिरलं नव्हतं. पण फडक्यांचं एक वेळ जाऊ द्या. संसार मोडून आलेल्या बहिणीला आपण काय बोललो, तेही तिच्या वहिनीदेखत! जीभ कशी झडली नाही आपली?

मान खाली घालून तो खोलीच्या दाराशी गेला. "चूक माझी आहे गं. मीच फडकी धुतली. आणि तुला नको ते बोललो. थोबाडीत मार, पण जाऊ नकोस."

"फडक्यांचं मला माहीत होतं, दादा. तिसऱ्याच दिवशी हिच्याखाली इस्त्रीची घडी दिसली."

"मग बोलली का नाहीस?"

बहीण कपड्यांच्या घड्या घालत राहिली. "दुसऱ्याच्या घरी राहायचं, तर चुका कशा काढायच्या?"

लहानपणी त्याच्या एकेका चुकीवर घर डोक्यावर घेणारी ही पोर. आज त्याच्याच घरात ती तोंड शिवून राहत होती, आणि त्याला पत्ताही नव्हता.