खरं लिहिल्याची शिक्षा

रविवारी सकाळी नंदनवन वस्तीतल्या घरात भीमाबाई पोह्यांसाठी तर्री करत होत्या आणि त्यांचे यजमान आनंदराव उगाचच आत-बाहेर करत होते. त्यांच्या लेकीला, मोनालीला बघायला सावनेरहून पाहुणे यायचे होते. तेवढ्यात मुलाचे वडील नत्थूजी यांचाच फोन आला.

"आनंदरावजी, आम्ही येऊन नाही राहिलो. पोरीले लहानपणी मिरगी होती, तुम्ही लपवलं."

"लपवलं नाही जी! आज समोर बसून सांगणारच होतो. पण तुमाले सांगतलं कोणं?"

"कोणी कशाले सांगन? ॲपवालेच रिपोर्ट विकते. पाचशे रुपयात सारं भेटते."

आनंदरावांनी फोन ठेवला. लग्न जुळवणारे ते फुकटचे ॲप त्यांनीच मोबाईलवर घेतले होते. 'जुने आजार' असा रकाना आला, तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे पाहिले होते. रोज पंचशील म्हणणाऱ्याने खोटे कसे लिहावे? नवव्या वर्षानंतर मोनालीला एकदाही झटका आला नव्हता, तरी त्यांनी खरे ते लिहिले. 'माहिती गोपनीय राहील' असे खाली छापले होतेच. अशा भोळ्या माणसांचा केसाने गळा कापून ती कंपनी गब्बर झाली होती. आणि चौतीस वर्षे पोस्टमन असलेल्या आनंदरावांनी कुणाचे साधे पोस्टकार्डही कधी वाचले नव्हते!

मोनाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"बाबा, गोष्ट माझी होती. मले न विचारता काहून भरलं तुम्ही?"

आठवडाभर ती बापाशी बोलली नाही. तिच्या मोबाईलवर मिरगीचे तेल आणि ताईत विकणाऱ्यांचे फोन मात्र सुरू झाले. प्रत्येक फोनसरशी आनंदरावांच्या अंगाचा तिळपापड होई. त्या कंपनीचे तोंड चारचौघांत काळे करायचे, एवढेच त्यांनी ठरवले.

पुढच्याच रविवारी मनीषनगरात वधू-वर परिचय मेळावा होता आणि त्याचा खर्च त्याच कंपनीने उचलला होता. तिचा अधिकारी केयूर फुकट छत्र्या वाटत आईबापांकडून फॉर्म भरून घेत होता. मोनाली मैत्रिणीसोबत मागच्या रांगेत बसली होती. आनंदराव तडक मंचावर गेले आणि त्यांनी माईक हाती घेतला.

"केयूर साहेब, तुमच्या बायकोले कोणता आजार आहे?"

केयूर लालबुंद झाला. "काय विचारता तुम्ही! ही आमच्या घरातली गोष्ट आहे."

"मंग माह्या पोरीची बाजारातली होती काय गा? फॉर्मात भरलं ते पाचशे रुपयात विकून राहिले तुम्ही!"

केयूरची मान खाली गेली. आनंदरावांनी ती डोळे भरून पाहिली. त्यांना दया आली नाही, आणि यावी तरी का? बायकांनी टेबलावरचे आपापले फॉर्म ओढून घेतले आणि त्याच्यासमोर टराटरा फाडले.

गलक्यात कुणीतरी ओरडले, "पण पोरीले झालं काय होतं, आनंदरावजी?"

आनंदरावांनी मागच्या रांगेकडे पाहिले.

"ते मी नाही सांगणार. तिले विचारा. सांगायचं का नाही, ते तिचं ती ठरवन."