दुसऱ्या पडद्यावरची कॉट

सूनबाईचं काम घरांचे नकाशे काढण्याचं. एका पडद्यावर तिचं भागेना, म्हणून सासऱ्यांचा जुना कॉम्प्युटर तिने आपल्या लॅपटॉपला बिनतारी जोडून घेतला. दिवसा तो तिचा दुसरा मॉनिटर, संध्याकाळी परत सासऱ्यांच्या खोलीत गेला की त्यांचा पत्त्यांचा डाव. माउस दोन्हीकडचा चालेल, अशीही सोय तिने करून ठेवली होती. "जुनं खोड आहे, पण अजून कामाला येतं," सासरे कॉम्प्युटरवर थाप मारून म्हणायचे.

त्या संध्याकाळी तिच्यासमोर नकाशा होता तो मात्र गिऱ्हाइकाचा नव्हे, त्यांच्या स्वतःच्याच नव्या घराचा. नवरा खुर्चीमागे उभा होता.

"बाबांची खोली खोडून टाक. तिथे माझं ऑफिस," तो म्हणाला.

"आणि बाबा?"

"ताईकडे राहतील की. तिचं घर केवढं ऐसपैस!"

"ताईला विचारलंस?"

"विचारू गं."

"बाबांना?"

"वेळ आली की सांगू. आत्तापासून कशाला डोक्याला ताप?"

तिला हे मुळीच पटलेलं नव्हतं. पण रोज तोच वाद घालून तिचंही तोंड दुखलं होतं. माणूस असाच हळूहळू नमतो, दुसरं काय! तिने बाबांच्या खोलीतल्या कॉटवर क्लिक केलं, बटण दाबलं. कॉट गेली. मग खिडकीजवळची आरामखुर्ची गेली.

"सुटलो बुवा," नवरा म्हणाला. तिने माउस सोडून चहाचा कप उचलला.

आणि पडद्यावरचा बाण आपोआप हलला.

तिने कप धरलेल्या हाताकडे पाहिलं, मग माउसकडे. बाण चाचपडत पडद्याच्या कडेला मांडलेल्या सामानाच्या चित्रांपाशी गेला. तिथली कॉट त्याने पकडली आणि ओढत, थांबत, पुन्हा ओढत स्वयंपाकघरामागच्या अडगळीच्या खोलीत नेऊन ठेवली. कॉट दारात आली. बाणाने ती फिरवली. आता ती भिंतीला चिकटून नीट बसली.

"व्हायरस!" नवरा ओरडला. "बंद कर, बंद कर!"

मग तिला आठवलं. दुपारी कामासाठी तिने दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसेल असं केलं होतं. ते बदलायचं आणि जोडणी तोडायची, दोन्ही राहून गेलं होतं.

"व्हायरस कसला, माझं कपाळ! बाबा आहेत ते."

दोघंही पलीकडच्या खोलीकडे धावली. सासरे चष्मा नाकावर ओढून जुन्या कॉम्प्युटरसमोर बसले होते. हात अजून माउसवर होता.

"ये गं," ते म्हणाले. "पत्ते खेळायला बसलो, तर हे समोर आलं. आडवी मावत नव्हती, म्हणून उभी लावली. चालेल ना?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाबा, अहो... तिथे खिडकी नाहीये," तो कसाबसा म्हणाला.

"मला कशाला लागते खिडकी? संध्याकाळ झाली की या पडद्यातच तर डोकं घालून बसलेला असतो."

पुन्हा पडद्याकडे वळून त्यांनी अडगळीच्या दारावर बाण नेला.

"फक्त एवढं बघ, सूनबाई. अशा खोलीला कडी बाहेरून असते. ती तेवढी आतून लाव."