मी हलले नाही ती सकाळ

मित्रांनो, मी एक जुनी मोटर आहे. जुनी हा शब्द मी स्वतःसाठी खुशाल वापरते; दुसऱ्याने वापरला की मात्र मला राग येतो. मी बोटीच्या मागच्या फळीवर बसते. माझं डोकं पाण्याबाहेर असतं आणि लांब पाय पाण्यात. पायाच्या टोकाला पंखा आहे. तो फिरला की बोट पुढे जाते.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या एका कारखान्यात मी तयार झाले, त्याला तीस वर्षं होऊन गेली. पहिली पंधरा वर्षं मी शेजारच्या मिशिगन राज्याच्या उत्तर भागात एका मच्छीमाराकडे काढली. "एका ओढीत सुरू होते," असं तो धक्क्यावर सगळ्यांना सांगत असे. पण एका हिवाळ्यात त्याने माझ्यातलं पाणी निथळू न देताच मला शेडमध्ये टाकलं. पाणी गोठलं की फुगतं. माझ्या पायात अडकलेलं पाणी असं फुगलं, की माझं धातूचं आवरण तडकलं. त्याने तडकलेल्या जागी जोड मारला आणि मला विकून टाकलं. तो जोड अजून दिसतो. मला त्याची लाज वाटत नाही.

तिथून मी मिशिगनमधल्याच ॲन आर्बर शहरातल्या विद्यापीठात आले. सध्या मी उपासनाबरोबर काम करते. ती नागपूरची आहे आणि जवळच्या एका तळ्यावर पीएचडीचं संशोधन करते. हिवाळा जवळ येतो तसा तळ्याच्या तळाशी ऑक्सिजन किती उरतो, ते ती मोजते. त्यासाठी दर आठवड्याला तळ्याच्या मध्यावर जाऊन तिला बाटल्यांत पाणी भरून आणावं लागतं. बोट चालवायला तिच्या लॅबमधला राकेश येतो.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. तळं दोन दिवसांत गोठणार, असा अंदाज होता. उपासनाचा शेवटचा नमुना बाकी होता. तो हुकला असता, तर सबंध वर्षाचं काम पुन्हा करावं लागलं असतं. आदल्या संध्याकाळी राकेशने बोट ट्रेलरवर ओढली आणि लगेच माझा पाय वर उचलून ठेवला. उन्हाळ्यात सगळे तसंच करतात, म्हणजे पंखा जमिनीला घासत नाही. पण पाय आडवा झाल्यामुळे माझ्या आतलं पाणी निथळलंच नाही. रात्रभर ते गोठत राहिलं.

सकाळी उपासना आणि राकेश आले. मुलीकडे दोन महिन्यांसाठी आलेले उपासनाचे वडील, रामभाऊ, हेही सोबत होते. त्यांनी एकतीस वर्षं नागपूरच्या एसटी वर्कशॉपमध्ये काढली होती. राकेशने मला सुरू करायची दोरी ओढली. ती हलेना. त्याने बोटीवर पाय रोवून दोन्ही हातांनी ओढली.

माझ्या पायात रबराची एक छोटी भिंगरी आहे. ती तळ्याचं पाणी वर खेचते आणि मला थंड ठेवते. त्या सकाळी ती बर्फात रुतली होती. मी जोराला बळी पडले असते, तर तिची पाती तुटली असती आणि तळ्याच्या मध्यावर मी तापून बंद पडले असते. थंड वाऱ्यात तीन माणसं तिथे अडकली असती. मी ठरवलं, हलायचं नाही.

बोटींची व्यवस्था पाहणारा गिरीश तिथे आला. "यार, किती जुनी मोटर आहे ही," तो म्हणाला. "सोडा आता. ट्रिप कॅन्सल करा, मी हिला भंगारात काढतो."

"कॅन्सल नाही करणार," उपासना म्हणाली. "मला सॅम्पल हवंय."

रामभाऊंनी राकेशच्या हातावर हात ठेवला. "जोर लावू नको, बेटा. ती बिघडलेली नाही, अडकली आहे. रात्री हिच्यात पाणी राहिलं होतं का?"

राकेशने दोरी सोडली. "काका, मी लगेच वर उचलली होती," तो म्हणाला.

मग माझा पाय सरळ खाली केला गेला. उपासना शेडमधून कोमट पाण्याच्या बादल्या आणू लागली आणि रामभाऊ ते हळूहळू माझ्या पायावर ओतू लागले. एकदम तापून माझं आवरण पुन्हा तडकू नये म्हणून उकळतं पाणी त्यांनी मुद्दाम घेतलं नाही. सहाव्या बादलीनंतर माझ्यातून बर्फाचे तुकडे गळाले. दोरी हलकी झाली. बोट पाण्यात लोटल्यावर मी दुसऱ्या ओढीत सुरू झाले.

"धार कुठे आहे?" उपासनाने विचारलं. मी नीट असले, की माझ्या बाजूच्या बारीक भोकातून पाण्याची धार पडते. ती पडत नव्हती. राकेशने मला लगेच बंद केलं आणि तारेने भोकातला बर्फ काढला. पुन्हा सुरू केल्यावर धार पडली, तेव्हा कुठे आम्ही निघालो.

तळ्याच्या मध्यावर बाटल्या भरायला अर्धा तास लागला. राकेशचा हात सवयीने मला उचलायला आला.

"राहू दे खालीच," उपासना म्हणाली. "पाण्यात आहे तोवर गोठणार नाही. बाहेर हवा जास्त थंड आहे."

परतताना वारा सुटला. लाटांचे तुषार उडून बोटीच्या कडेवर गोठू लागले. तिघंही घट्ट बसून होते. मी न अडखळता त्यांना किनाऱ्याला आणलं. गिरीश तिथेच थांबला होता. त्याने बाटल्या पाहिल्या, मग माझ्या पायातलं तेल थोडं काढून बघितलं. ते दुधासारखं पांढरट होतं.

"आत पाणी शिरतंय," तो म्हणाला. "पाणी अडवणारं सील बदलायला हवं. पुढच्या थंडीत हे बाहेरचं केसिंग फुटलं असतं." भंगाराचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

मित्रांनो, मला दया नको. थंडीत पाण्याबाहेर काढलंत, की आधी मला सरळ उभं करा. पाणी निथळू द्या. बटण बंद ठेवून दोरी दोन-तीनदा ओढा, म्हणजे उरलेलं पाणी बाहेर पडेल. मग खुशाल उचला. माझं तेल बघा आणि धार बघितल्याशिवाय किनारा सोडू नका. एवढं केलंत, तर तळं गोठायच्या आदल्या दिवसापर्यंत मी यायला तयार आहे. एवढंही होणार नसेल, तर घाला मला भंगारात. पण मग वय झालं म्हणून मी बंद पडले, असं कोणाला सांगू नका.