फोरमनची गॅरेजबोली

वहिनींचा फोन आला, "भाऊजी, एकदा येऊन बघा हो. हे काहीच्या बाही बडबडतात." हातातला पाना टाकला आणि तसाच काळ्या हातांनी निघालो. आमचा फोरमन आणि काहीच्या बाही? बावीस वर्षं एकाच गॅरेजात गाड्यांखाली पाठी घासल्यात आम्ही!

मेंदूत गुठळी होऊन त्याची उजवी बाजू लुळी पडली होती, बोलणंही बिघडलं होतं. पंधरा दिवस झाले, साधं 'पाणी' म्हणता येत नव्हतं, बायकोचं नाव येत नव्हतं. हॉस्पिटलात त्याच्या खाटेजवळ बोलण्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई कागद घेऊन बसल्या होत्या.

"आज मला शेरा द्यायचाय," त्या म्हणाल्या. "यांना समजच उरली नसेल, तर उपचार थांबतील. मग कायमचं शुश्रूषागृहात हलवावं लागेल."

त्यांनी फोरमनचा लुळा हात उचलला. "हे काय आहे?"

"सासूबाई," फोरमन म्हणाला.

"बघितलंत?" वहिनींना रडू फुटलं. "माझी आई जाऊन आठ वर्षं झाली!"

आणि मी, मेला, खो खो हसत सुटलो. वहिनींनी असं काही बघितलं माझ्याकडे, की मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, बरोबर सांगतोय तो!" मी म्हणालो. "आमच्याकडे गंजून घट्ट बसलेल्या, काही केल्या न हलणाऱ्या नटाला सासूबाई म्हणतात."

त्याचं असं आहे, की गॅरेजमध्ये गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं. त्याच्या तोंडावर त्याच्या गाडीची आणि त्याचीही टवाळी करायची, तर आपली वेगळी बोली नको? दुरुस्त करून पाठवली तरी आठवड्यात दारात हजर होते, ती गाडी जावई. कमरेवर हात ठेवून आम्हालाच अक्कल शिकवतं, ते गिऱ्हाईक हेडमास्तर. यातले निम्मे शब्द फोरमननेच काढलेले.

"मला ते रोज हेडमास्तर म्हणतात," बाई हळूच म्हणाल्या. मी जीभ चावली.

पण बाई खमक्या निघाल्या. "दोस्ताची बाजू घ्याल तुम्ही. बाहेर थांबा जरा." दहा मिनिटांनी मला आत बोलावून त्यांनी कागद पुढे धरला. फोरमनची उत्तरं उघडी, प्रश्नांवर तळहात.

पहिलं उत्तर, पुट्टी. "काहीतरी पचपचीत, बेचव खायला घातलंय त्याला," मी म्हणालो. बाईंनी बोट बाजूला केलं. प्रश्न होता, नाश्ता कसा होता?

दुसरं, सायलेन्सर फुटला. "कोणीतरी घोरतंय." प्रश्न होता, झोप का लागत नाही? वहिनींनी शेजारच्या खाटेवरच्या आजोबांकडे बघितलं.

तिसरं वाचलं आणि अडलो. वायरिंग जळालं, इंजिन चालू. "हा काही आमचा शब्द नाही, बाई."

"हे माझं मलाच कळलं," त्या म्हणाल्या आणि हात काढून घेतला. प्रश्न होता, तुम्हाला काय झालंय?

'पाणी' गेलं, 'आई' गेलं, बायकोचं नाव गेलं आणि आमची ही टवाळकी तेवढी टिकली! चहा पिता पिता, कुणाची तरी खिल्ली उडवायला काढलेले शब्द, आणि त्यांनी या माणसाला धरून ठेवलं होतं. डोक्यात कुठे काय जपलेलं असतं, देव जाणे. मी फोरमनकडे बघितलं. तो डाव्या गालाने हसत होता.

"थट्टेचे शब्द कधीकधी मागे उरतात, असं वाचलं होतं," बाई म्हणाल्या. "बघितलं आज." त्यांनी आधीची ओळ खोडली आणि लिहिलं, समज पूर्ण, उपचार चालू ठेवावेत.

संध्याकाळ झाली, वहिनींनी पिशवी उचलली, तसा फोरमन ओरडला, "ठोकळा! ठोकळा!"

"हे बघा. रोज मी निघाले की हेच," त्या म्हणाल्या. "कसला ठोकळा हवाय हो यांना?"

गाडीखाली माणूस असला, की गाडी सरकू नये म्हणून चाकामागे लाकडी ठोकळा लावतात. त्यावरून कुणी घरी जायला निघालं, की आम्ही ओरडायचो, "ठोकळा लाव रे!" म्हणजे थांब ना, जाऊ नकोस.

मी सांगितलं. वहिनींनी पिशवी खाटेखाली सारली, खुर्ची ओढली आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "लावला हो ठोकळा."