जॅग्वार ठेवायची की पोर्श

आमच्या घरी दोन गाड्या होत्या, आणि दोन्ही चालवायच्या कमी, पुसायच्या जास्त. एक जॅग्वार, काळी, लांब नाकाची. दुसरी पोर्श, करडी, बुटकी. १९६१ साली परदेशी सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हा माझ्या यजमानांनी, म्हणजे वकील वादिराजांनी, ठरवलं की एक द्यायची, एक ठेवायची. कोणती, ते घेणारा ठरवील. मला कुणी विचारलं नाही. पोर्शवर मी गाडी शिकले होते, पापनाशमच्या रस्त्याला भातशेतांमधून, आणि माझा जीव तिच्यात होता.

घेणारे वेंकटरमण. राहायचे मद्रासला, पण मूळचे आमच्याच गावचे, मराठी राजांच्या राजवाड्यामागच्या गल्लीतले. दुर्मीळ गाड्या जमवायचा त्यांना नाद. आले ते नेमके सरस्वतीपूजेला. त्या दिवशी आमच्यात पुस्तक उघडत नाहीत, यंत्र चालवत नाहीत. गाड्यांना गंधकुंकू लावलेलं, चाकांखाली लिंबं ठेवलेली. मद्रासला राहून माणूस पंचांग विसरतो, तो असा.

“मग आज नुसतं बघतों,” ते म्हणाले, आणि शेडच्या दारात त्यांनी चपला काढल्या.

मी हसू दाबलं. पण पुढे हसायचं सुचलंच नाही. जॅग्वारच्या बॉनेटवरून त्यांनी हात न लावता, वीतभर वरून तळवा फिरवला. “सहा सिलिंडर पुढे. दोन माणसांना बसायला एवढी लांबी. राणी आहे ही.” मग पोर्शमागे उकिडवे बसले. “हिचं इंजिन मागे. पाणी लागत नाही, वाऱ्यावर थंड होतें. आणि अंगावर एक रेघ जास्तीची नाही.” इतकी वर्षं मी त्या दोघींना पुसत होते, पण पाहिल्या त्या दिवशी. माणसाने पत्र्याचं हे असं करावं? मोठ्या देवळाच्या विमानाखाली, त्या उंच दगडी शिखराखाली, मान वर केली की छाती दडपते, तशी दडपली.

“बहुतेक जॅग्वार नेईन,” जेवताना ते म्हणाले. “पण उद्या चालताना पाहूं.” मी त्यांच्या भातावर तूप जरा सढळच वाढलं.

दसऱ्याच्या सकाळी यजमानांनी जॅग्वार काढली. लिंबं फुटली, गाडी वेंकटरमणांना घेऊन रुबाबात फिरून आली. मग यजमानांनी पोर्शची सावी, म्हणजे किल्ली, माझ्यापुढे धरली. “कनकलता, ही तूच काढ. माझं ऐकत नाही ती.”

गल्लीतली माणसं ओट्यांवर आली होती. मी पदर खोचला आणि बसले. एक गिअर कचकन पडला असता तर माझं काम झालं असतं. तसं मनाशी ठरवलंही होतं. पण मागून इंजिन घुमू लागलं आणि हात माझे राहिले नाहीत. कोपऱ्यावर ती अशी अलगद वळली, की शेजारी बसलेल्या वेंकटरमणांनी डोळे मिटून घेतले. भीतीने नव्हे.

उतरल्यावर त्यांनी पहिल्यांदाच तिच्या पत्र्यावर तळवा टेकवला. मग म्हणाले, “काल मी चुकलों, वहिनी. हीच नेतों.”

यजमानांनी माझा चेहरा पाहिला, आणि तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. जवळ येऊन हळूच म्हणाले, “मग वाईट का नाही चालवलीस?”

“तिला कशी वाईट चालवूं?” मी म्हणाले, आणि सावी वेंकटरमणांच्या हातात दिली.