दोनचा भोंगा

दोनला दहा कमी होते, तशी अंजनाबाई उठली. फळीवरचे काचेचे पाच ग्लास उतरवून तिनं गोधडीत गुंडाळले, गॅस बंद केला, पाण्याचा माठ तिवईवरून जमिनीवर ठेवला. शेवटी भिंतीवरचा नवऱ्याचा, रामाजीचा, फोटो काढला आणि काच आत, पाठ बाहेर असा छातीशी धरून ती दाराबाहेर येऊन उभी राहिली. आता भोंगा वाजेल, मग सुरुंग उडेल, मग अर्धा तास धूळ.

भोंगा वाजला नाही. वाजणार कुठून? कोळशाची खाण पंधरा किलोमीटर मागं राहिली होती आणि तिचं सावरटोला गाव त्या खाणीच्या पोटात जायला निघालं होतं. ही राजुऱ्याच्या रस्त्यावरची पुनर्वसन वसाहत. तीन गावांची माणसं आणून ठेवलेली दीडशे घरं, सगळी एकसारखी, दारावर नंबर. अंजनाबाईचा सत्तेचाळीस. "नंबर बैलाच्या कानाले लावते, मानसाच्या दाराले नाई," असं ती चिठ्ठ्या काढल्या त्या दिवशी भर सभेत म्हणाली होती. साहेब हसले होते आणि पुढची चिठ्ठी काढली होती.

येऊन वीस दिवस झाले होते. वीस दिवसांत ती दाराबाहेर धड आलीच नव्हती. गाव गेलं, गावाबरोबर शाळा गेली आणि शाळेबरोबर तिची खिचडीची चूलही गेली. बावीस वर्षं तिनं त्या शाळेतल्या पोरांना जेवू घातलं होतं. आता एका माणसापुरता भात शिजवायचा, तोही घशाखाली उतरत नव्हता. आज पाय बाहेर पडले ते सवयीनं.

आपलाच वेडेपणा कळून ती लाजली. मागं वळणार, एवढ्यात गल्लीच्या पार टोकाला तिला एक बाई दिसली. भिंतीवरचं घड्याळ काखेत मारून, एका पायावर भार देऊन उभी. ती उभं राहण्याची तऱ्हा अंजनाबाईनं झोपेतही ओळखली असती. सुकरी! गावात तीस वर्षं दोघींच्या घरांची भिंत एक होती. घराच्या चिठ्ठीनं सुकरीला गल्लीच्या त्या टोकाला नेऊन टाकलं होतं.

"अवो अंजनाबाई! तुमीबी निंगाल्या काय?" सुकरी तिथूनच ओरडली.

"निंगाली ना व! पाय आपोआपच बाहेर आले!"

"मी तं शिजता भात उतरवला वो!"

दोघी एकमेकींकडं चालत आल्या आणि अर्ध्या गल्लीत गाठ पडल्यावर अशा हसायला लागल्या की सुकरीला खाली बसावं लागलं. घड्याळ मांडीवर, पदर तोंडावर. अंजनाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. वीस दिवसांत ती पहिल्यांदा हसत होती, आणि तिला ते फार बरं वाटलं.

सुरुंगांनी सावरटोल्याचं काही भलं केलं नव्हतं. पंचवीस वर्षांत भिंती तडकल्या, विहीर आटली, पोरं खोकत वाढली. पण भोंगा झाला की घरात थांबायचं नाही, हा नियम होता. सगळं गाव चिंचेखाली यायचं आणि धूळ बसेपर्यंत तिथंच बसायचं. घरातल्या प्रत्येकाचं काम ठरलेलं असायचं. तिचा मुलगा मिथुन आठ वर्षांचा असताना रामाजी तापात गेला. पुढच्याच महिन्यात सुरुंगानं त्याचा फोटो भिंतीवरून पडला आणि काचेचा कोपरा तडकला. तेव्हापासून ग्लास आणि फोटो ही मिथुनची कामं झाली. उडालेला खडा लागू नये म्हणून काच छातीकडं धरायची, हे आईनंच त्याला शिकवलं होतं. ते पोरगं धावत यायचं आणि धापा टाकत सांगायचं, "ग्लास उतरवले व माय!"

आणि खरं सांगायचं तर दिवसभरात तोच एक अर्धा तास असा होता की बाईला कुणी कामाला हाक मारू शकत नव्हतं. चिंचेखाली सोयरिकी जुळल्या, भांडणं मिटली, नवऱ्यांच्या नकला झाल्या. खाणीनं दिलेली ती एकच सुट्टी होती आणि ती द्यायचं खाणीच्या मनातही नव्हतं.

"मंग उद्या?" उठता उठता सुकरीनं विचारलं.

"उद्याबी निंगायचं. आता भोंगा मी वाजवतो."

तिच्याकडं शाळेतल्या खिचडीच्या मोठ्या गंजाचं, म्हणजे पातेल्याचं, झाकण होतं. चेपलेलं, कुठल्याच भांड्यावर न बसणारं. शाळा बंद झाली त्या दिवशी हेडमास्तरांनी तिला ते दिलं होतं. दुसऱ्या दिवशी दोन वाजता अंजनाबाईनं दारात उभं राहून त्या झाकणावर उलथणं हाणलं. आवाज असा झाला की कुत्री भुंकत सुटली. सावरटोल्याच्या सहा बाया आपापल्या दारात आल्या. कुणाच्या हातात माठ, कुणाच्या हातात आरसा. आठ दिवसांत त्या वीस झाल्या. वसाहतीच्या मधोमध 'प्रस्तावित उद्यान' अशी पाटी लावलेली एक ओसाड जागा होती. तिथं चार बांबू रोवून त्यांनी जुनी लुगडी बांधली आणि त्या सावलीत बसू लागल्या. उकडलेल्या तुरीच्या शेंगा यायच्या, मिठासकट बोरं यायची. सुकरी वसाहतीच्या सुपरवायझरची चाल अशी करून दाखवायची की बाया लोळायच्या.

सेहेचाळीस नंबरची रिना दुसऱ्या गावची. ती चार दिवस दारातूनच पाहत राहिली, मग भीत भीत आली. "काकू, आमच्या गावात सुरुंग नवते लागत. मी बसू काय?"

"बस ना व बाई. तुयंबी काई ना काई गेलंच असंल."

सुपरवायझरला हे खपणारं नव्हतं. "इथी काई ब्लास्टिंग होते काय, काकू? भांडे काऊन वाजवून राह्यले? साहेब लोक येते, काय म्हनतीन?" अंजनाबाईनं त्याच्यापुढं शेंगांची पाटी सरकवली. त्यानं मूठभर शेंगा घेतल्या आणि संध्याकाळी नागपूरला मिथुनला फोन लावला. तुमच्या आईच्या डोक्यावर परिणाम झाला, घेऊन जा.

रविवारी मिथुन भाड्याची गाडी घेऊन हजर झाला. पोरगा मनानं चांगला, बापासारखा कमी बोलणारा. आल्या आल्या त्यानं कपडे भरले, औषधं भरली, स्वयंपाकाचे डबेसुद्धा बॅगेत कोंबले आणि बॅग गाडीत नेऊन ठेवली.

"भिंतीवरचा फोटो निघताना काढू. चाल आई."

"कायले?"

"पंधरा दिवस राह्य माया घरी. डॉक्टरले दाखवू. मंग पाहू."

हे पंधरा दिवस अंजनाबाईला ठाऊक होते. चौथा मजला, सून कामावर, दार आतून बंद, खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी. सून वाईट नव्हती. पण एकदा गेलं की सत्तेचाळीस नंबरला कुलूप लागणार आणि आपण देवळातल्या घंटेएवढ्याही कुणाच्या कामाच्या उरणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. महिन्यापूर्वी ती मुकाट्यानं गाडीत बसली असती.

"मले काई झालं नाई, मिथुन."

"लोकं सांगते ना! तू रोज दोन वाजता झाकन वाजवते. आई, ब्लास्टिंग संपली. समज ना व."

"ब्लास्टिंग संपली, मी नाई संपली!" अंजनाबाईचा आवाज चढला. "घर घेतलं, चूल घेतली, शेजार तोडला. अर्धा तास मी नाई देत कोनाले. तुलेबी नाई." तिनं घड्याळाकडं पाहिलं. दोन वाजले होते. दाराआडचं झाकण आणि उलथणं घेऊन ती बाहेर पडली आणि आजवर कधी वाजवलं नव्हतं इतक्या जोरानं तिनं ते वाजवलं.

दारं उघडली. बाया निघाल्या. मागं न पाहता ती लुगड्यांच्या सावलीत जाऊन बसली.  आता पोरगा गाडी काढील, रागानं निघून जाईल, असं तिला वाटत होतं. वाईट वाटत होतं, पण उठावंसं वाटत नव्हतं.

"अवो बाई, मांगं पाहा," सुकरी म्हणाली.

मिथुन धावत येत होता. एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात नव्हती. छातीशी रामाजीचा फोटो, काच आत, पाठ बाहेर. बायांच्या घोळक्यापाशी तो थांबला आणि धापा टाकत म्हणाला, "ग्लास उतरवले व माय."

म्हणाला आणि मग त्याला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं. तीस वर्षांचा बाप्या कानापर्यंत लाल झाला.

"घ्या! याच्याबी डोक्यावर परिनाम झाला!" सुकरीनं टाळी दिली आणि सगळ्या सावलीत हशा उसळला. अंजनाबाई मात्र हसली नाही. ती सतरंजीवर जरा सरकली.

"मिठाचा डबा त्या बॅगेत भरला तू," ती म्हणाली. "शेंगा अळन्या लागून राह्यल्या. जाय, बॅग घेऊन ये."

 मिथुन फोटो तिच्या हातात देऊन गेला, गाडीतून बॅग उतरवून आणली आणि चेन उघडून मिठाचा डबा रिनापुढं ठेवला. बॅग त्यानं परत नेली नाही. आईशेजारी मांडी घालून त्यानं फोटो मागून घेतला आणि सवयीनं तसाच छातीशी धरला.

थोड्या वेळानं त्यानं फोटो वळवला आणि बाहीनं तडकलेला कोपरा पुसला. मग काच बाहेर ठेवूनच तो मांडीवर उभा धरला. इथं दगड उडत नव्हते.