मैनेच्या रक्ताचा एक थेंब

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. डोळा एकच, पण त्याचा तोरा मोठा. माझा जन्म कलकत्त्याच्या एका कारखान्यात झाला. पितळेची नळी, काचेची भिंगे आणि खाली उजेड पकडायला एक आरसा. मला वीज लागत नाही. ऊन असेल तर मी राजा, नसेल तर नुसता ठोकळा.

१९५८ साली भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा मी जवळच्या सुपेला गावातल्या गुरांच्या दवाखान्यात होतो. माझे धनी शेषराव, वर्ध्याकडचे, तिथले कंपाउंडर. ते मला रोज मलमलीने पुसत आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. माझा त्यांच्यावर फार जीव होता.

त्या वर्षी गोचीड-तापाने गुरे मरू लागली. गोचीड चावले की रक्तात जंतू शिरतात, तांबड्या पेशी फोडतात आणि जनावराला लाल लघवी होते. औषध थोडे होते. ज्या वस्तीत आजारी गुरे जास्त, तिथे ते आधी द्यायचे ठरले आणि मोजदाद माझ्याकडे आली.

विदर्भातून आलेल्या मजुरांची एक वस्ती जवळच होती. त्यांनी तपासणीचा थाट पोळ्यासारखा केला. गुरे घासून धुतली, गोचीड वेचून काढले, शिंगांना हिंगूळ लावला. आजारी गुरे मात्र घरामागे बांधून ठेवली. रोग कळला तर राऊत, म्हणजे तिथला गुराखी, आपली गुरे चरायला नेणार नाही, ही पंजाबराव मुकादमाची अक्कल. मी रक्ताच्या साठ काचा पाहिल्या, रोग दोनच काचांत सापडला. शेषरावांनी कागदावर ‘वस्ती निरोगी’ असे लिहिले आणि मी मनातल्या मनात मिशीला पीळ दिला.

कागद पाठवायच्या वेळी भागीरथा दारात आली. तिचा नवरा कारखान्यावर विटा वाही आणि मैना गाईच्या दुधावर ती घर रेटत असे.

“साहेब, माही मैना घरीच बांधून ठेवली. लाल मुतून राह्यली. तुमी वस्तीले निरोगी लिहून राह्यले, मंग तिले सुई कोन देईन?”

शेषराव रागावले नाहीत. “तिले चालवू नको, मीच येतो,” म्हणाले आणि मला कडेवर घेऊन निघाले.

मैना मान टाकून पडली होती. तिच्या कानाच्या टोकातून एक थेंब घेतला, काच रंगवून वाळवली. पण छपराखाली अंधार. मला काही दिसेना. तेव्हा भागीरथाने बाहेर उन्हात पितळी परात तिरपी धरली आणि उजेड माझ्या आरशात टाकला. मग दिसले. तांबड्या पेशींत जोडीजोडीने जंतू बसले होते. मला लाज वाटली. मी खोटे बोललो नव्हतो, पण पुढ्यात ठेवले तेवढेच पाहून फुशारलो होतो.

शेषरावांनी तो कागद फाडला आणि मैनेला सुई दिली. तिसऱ्या दिवशी ती उभी राहिली, तेव्हा भागीरथा तिच्या गळ्यात पडून रडली. ते पाहून वस्तीने झाकलेली गुरे बाहेर काढली. बावीसपैकी चौदांत रोग निघाला. औषध आधी त्याच वस्तीला मिळाले.

सगळ्यांच्या शेवटी पंजाबराव आला. त्याच्या हातात नुसते दावे होते.

“साहेब, माहा बैल सकाळी गेला जी. मीच लपवला होता.”

शेषरावांनी त्याला बसवून पाणी दिले.

आता मी एका कपाटात असतो. माझी भिंगे धूसर झाली आहेत. मित्रांनो, जनावर असो की माणूस, तपासायला नेताना त्याला सजवू नका. जे दुखते ते आधी पुढे करा. माझा डोळा कितीही तेज असला, तरी तुम्ही झाकून ठेवलेले मला दिसत नाही.